गांजाची केस आणि आपला प्लॉट



मागच्या बैठकीत वनहक्क दाव्यांची यादी वाचून दाखवली, तेव्हा एका पाड्याची सात नावं आली आणि एकही माणूस उठला नाही. आम्हाला वाटलं, ऊसतोडीला गेले असतील. बैठक संपल्यावर त्या पाड्यावरची एक म्हातारी बाई बाजूला आली आणि हळूच बोलली, "पोरांनो, आमच्याकडे गांजाची धाड पडली. माणसं रात्री जंगलात झोपतात. मोजणीला कोण उभं राहील?"

हा विषय आपण बैठकीत काढत नाही. लाज वाटते, भीतीही वाटते. कोणी म्हणेल, ही पोरं गांजावाल्यांची बाजू घेतात. पण सात दावे हातातून जात असतील तर गप्प बसून चालणार नाही. म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांनी ठरवलं की या अंकात सरळ लिहायचं.

पहिल्यांदा आमचं म्हणणं स्पष्ट सांगतो. आम्ही गांजाच्या शेतीच्या विरोधात आहोत. गांजा आला तिथे व्यापारी आला, रात्रीची गाडी आली, पोरांच्या हातात चिलीम आली, हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे. गांजा लावा असं संघटनेने कधी म्हटलं नाही आणि म्हणणार नाही. पण गांजा थांबवायच्या नावाखाली आपल्या पाड्यांवर जे चाललं आहे, त्यात गांजा थांबलेला दिसत नाही. जमीन मात्र जाते आणि गाव फुटतं. आम्हाला बोलायचं आहे ते यावर.

धाड कशी पडते ते ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी लिहितो. पाऊस संपला, मका उभा आहे, तूर फुलावर आली आहे, अशा दिवसांत पहाटे गाड्या येतात. शेतात शिरतात. मक्याच्या नाहीतर कापसाच्या ओळींत गांजाची झाडं सापडतात. मग पहिला प्रश्न विचारतात, "हे शेत कोणाचं?"

आता थांबून विचार करा. आपल्या शेताला सातबारा नाही. आपल्या आज्याने जंगल साफ करून कसलेला प्लॉट आहे. सरकारच्या कागदावर तो राखीव जंगल आहे. वर्षानुवर्षं आपण मोर्चे काढले ते याच एका वाक्यासाठी की, "हे शेत आमचं आहे." आणि आता पोलीस तोच प्रश्न विचारतो, तेव्हा माणूस घाबरून म्हणतो, "साहेब, आमचं नाही. आम्हाला माहीत नाही कोणाचं आहे."

झालं. साहेब तेच लिहून घेतो. शेजाऱ्याचा अंगठा घेतो. कागदावर येतं की ही फॉरेस्टची जमीन आहे, कोणाच्या ताब्यात आहे ते गावात कोणाला माहीत नाही. पुढे हाच माणूस वनहक्काचा दावा घेऊन गेला, की तोच कागद त्याच्या तोंडावर फेकला जाऊ शकतो. तूच म्हणालास ना, माझी जमीन नाही?

आणि समजा तो म्हणाला, "हो साहेब, शेत माझं आहे." मग गुन्हा त्याच्या डोक्यावर. गांजाचा कायदा १९८५ सालचा आहे, त्याला एनडीपीएस म्हणतात. त्याच्या ५४ व्या कलमात लिहिलं आहे की, तुम्ही कसलेल्या जमिनीवर गांजाचं झाड उगवलेलं सापडलं आणि तुम्हाला त्याचा नीट खुलासा देता आला नाही, तर गुन्हा तुम्हीच केला असं कोर्ट धरू शकतं. उलट सिद्ध करायचं काम तुमचं. बाकी बहुतेक गुन्ह्यांत सरकारला सिद्ध करावं लागतं, इथे तुम्हाला.

म्हणजे जमीन आपली म्हटली तर तुरुंग, आपली नाही म्हटली तर दावा गेला. ज्याच्याकडे सातबारा आहे त्या बागायतदाराला हा पेच नाही. तो कोर्टात हरला तरी जमीन त्याच्या नावावर राहते. आपल्याकडे कागद नाही, आपलं बोलणं हाच आपला पुरावा. गावातल्या म्हाताऱ्यांचा जबाब वनहक्क कायद्यात पुरावा म्हणून चालतो. तो पुरावाच भीतीने उलटा होतो.

शिक्षा किती आहे तेही माहीत पाहिजे. गांजाचं झाड लावलं यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड. सापडलेला गांजा २० किलोपेक्षा जास्त भरला तर कमीत कमी १० वर्षं, जास्तीत जास्त २० वर्षं, आणि दंड १ लाखापासून २ लाखांपर्यंत. २० किलोच्या वर गेलं की जामीन फार अवघड. ३७ व्या कलमाप्रमाणे, हा माणूस दोषी नाही असं मानायला कारण आहे आणि बाहेर येऊन पुन्हा असा गुन्हा करणार नाही, अशी कोर्टाची खात्री पटली पाहिजे, तरच जामीन. चार्जशीटला पोलिसांना १८० दिवस मिळतात, वाढवूनही मिळू शकतात. तोवर एक पावसाळा जातो, कधी दोन जातात. पेरणी कोण करणार?

म्हणून २० किलोचा आकडा फार महत्त्वाचा आहे. आणि वजन कसं होतं? झाड मुळासकट उपटतात. ओलं खोड, फांद्या, पानं, कधी मुळाची माती, सगळं एका काट्यावर. कायद्यात गांजा म्हणजे काय ते लिहून ठेवलं आहे. गांजा म्हणजे झाडाचे फुला-फळांचे शेंडे. बी आणि पानं शेंड्यांबरोबर नसतील तर ती गांजात धरत नाहीत. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात याच झाडाच्या पानांची भांग सरकारी परवान्याच्या दुकानात विकत मिळते. तिथे पान दुकानात आणि इथे खोड, मूळ धरून सगळा गांजा! दोन-चार ओळींतली ओली झाडं एकत्र मोजली की वजन २० किलोच्या वर जायला वेळ लागत नाही. ज्याला कदाचित जामीन मिळाला असता तो आत सडतो.

आता पाड्यावर मागे काय राहतं ते बघा. आम्ही गेल्या दोन हिवाळ्यांत अशा घरांमध्ये बसलो आहोत. नावं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहेत.

एका घरात नवरा आत आहे. बाई म्हणाली, पोराच्या लग्नासाठी देजाचे पैसे जमवले होते ते वकिलाने घेतले. मग बैल गेले. मग तिच्या अंगावरची चांदी सोनाराकडे गेली. एवढं करून तिला केसचा नंबर माहीत नव्हता. वकील तिला कोर्टाच्या पायरीवरच बसवायचा. कागद मराठीत, ती बोलते पावरी.

दुसऱ्या घरात माणूस पकडलेला नाही, पण एफआयआरमध्ये "व इतर" असं लिहिलं आहे. हे "व इतर" फार वाईट. त्यात कोणाचंही नाव घालता येतं. तो माणूस मुकादमाची उचल घेऊन बायको-पोरांसकट गुजरातेत ऊसतोडीला निघून गेला. मोठी पोरगी आश्रमशाळेत सातवीत होती, ती पण गेली. त्यांच्या प्लॉटची पाहणी करायला वनहक्क समिती आली तेव्हा शेतात कोणी नव्हतं. शेजारच्याने तिथे गुरं सोडली होती.

तिसऱ्या घरात पंच राहतो. पोलिसांनी त्याला रस्त्यावरून उचलून नेलं आणि पंचनाम्यावर अंगठा घेतला. काय लिहिलं ते वाचून दाखवलं नाही. आता पाड्यावर त्याला खबऱ्या म्हणतात. त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. हा माणूस आपल्या २-३ मोर्च्यांमध्ये पुढे चालला होता. आता तो बैठकीला येत नाही, आणि तो येतो म्हटलं तर दुसरे येत नाहीत.

आमच्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे. तुरुंगात गेलेली माणसं मोजता येतात. एकमेकांशी बोलणं बंद झालेली घरं कोण मोजणार? आधी एकाच्या शेतात सगळे जायचे, मग दुसऱ्याच्या. निंदणी असो, घर शाकारणं असो, बोलवायची गरज नव्हती. आता दुसऱ्याच्या शेतात जायला माणूस घाबरतो. तिथे काही सापडलं तर? खबर कोणी दिली या संशयावरून भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या आहेत. भोंगऱ्याच्या बाजारातही लोक गटागटाने वेगळे उभे राहतात. वनखात्याला इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते गांजाच्या केसने करून दाखवलं. गाव एक राहिलं नाही तर ग्रामसभा कशी भरणार? आणि ग्रामसभा भरली नाही तर दावे कोण मंजूर करणार?

आणि मग शिक्का बसतो. तालुक्याच्या बाजारात आपल्या पोराची पिशवी आधी उघडतात. कॉलेजात नाव आणि पाडा सांगितला की हसतात, "माल आणला का?" आमच्यातल्या दोघांनी हे स्वतः ऐकलं आहे. ही गोष्ट नवी नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला, नजर गेली नाही. १८७८ च्या अबकारी कायद्याने घरी मोहाची दारू गाळणं गुन्हा ठरलं आणि ठेकेदाराचं दुकान कायदेशीर झालं. त्याच इंग्रजांनी गांजावर मात्र कर घेतला. १८९३-९४ मध्ये आयोग बसवून चौकशी केली आणि पूर्ण बंदी करायची नाही असं ठरवलं. म्हणजे कोणती नशा गुन्हा आणि कोणती धंदा, हे वरचे लोक ठरवतात. मार खाणारे मात्र आपणच.

आता विचारू, पकडलं कोणाला जात नाही? बी कोणी आणून दिलं? पाऊस लागायच्या आधी उचल कोणी दिली? माल तयार झाल्यावर रात्री गाडी कोणाची आली? आपल्याला सगळं माहीत आहे, पोलिसांनाही माहीत असणार. आमच्या बघण्यात तरी गाडीवाला व्यापारी कधी आत गेला नाही. आणि वनरक्षक? शेतात बांध घातला, एक सागाचं रोप तुटलं तर दुसऱ्या दिवशी हजर होणारा गार्ड, डोक्याएवढा वाढलेला गांजा चार महिने त्याला दिसत नाही. याच कायद्याचं ४७ वं कलम म्हणतं की प्रत्येक सरकारी अधिकारी, पंच, सरपंच आणि गावकामगार यांनी बेकायदा लागवड कळली की लगेच खबर द्यायची, ती देण्यात हयगय केली तर तोही शिक्षेला पात्र. हे कलम कोणावर लावलेलं तुम्ही ऐकलं आहे का? आम्ही ऐकलेलं नाही.

आपले काही साथी म्हणतात, "ज्याने लावलं तो भोगेल. संघटनेने कशाला मध्ये पडायचं? आपलं नाव खराब होईल." हे म्हणणं आम्ही उडवून लावत नाही. ज्याने पैशासाठी सगळ्या पाड्याला संकटात टाकलं, त्याचा आम्हालाही राग येतो. पण दोन गोष्टी सांगतो. एक, भोगतो तो एकटा नाही. बायको भोगते, पोरगी शाळा सोडते, पंच भोगतो, "व इतर" भोगतात. दुसरी, त्याने का लावलं? सातबारा नाही म्हणून बँक पीककर्ज देत नाही. सावकार दारात बसलेला. मका विकून बियाणं-खताचेही पैसे निघत नाहीत. अशा वेळी कोणीतरी रोख पैसे हातावर ठेवतो. हे चूक आहे, पण त्या चुकीच्या मुळाशी पुन्हा तीच गोष्ट आहे, जमीन नावावर नाही. जमिनीचा प्रश्न सुटल्याशिवाय गांजाचा प्रश्न बंदुकीने सुटणार नाही.

मग काय करायचं? आम्ही बसून विचार केला तो मांडतो. बरोबर वाटलं तर ग्रामसभेत घ्या, चुकलं असेल तर पुढच्या बैठकीत आम्हाला बोला.

एक. गावाने स्वतः ठराव करावा की आमच्या शिवारात गांजा लागणार नाही. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अनुसूचित क्षेत्रात नशेच्या पदार्थांवर बंदी आणि नियंत्रण करायचा अधिकार ग्रामसभेला आहे. झाड लहान असतानाच, श्रावण-भादव्यात, बाया-माणसं मिळून सगळ्यांनी सगळ्या शेतांत फेरी मारायची. एकट्या एकाच्या शेतात नाही, सगळ्यांच्या, पुढाऱ्याच्यासुद्धा. दिसलं तर ज्याचं त्याने तिथेच उपटायचं. ठरावाची नक्कल तहसीलला, ठाण्याला, वनखात्याला द्यायची आणि पोच घ्यायची. व्यापाऱ्याची गाडी येते तेही त्यात लिहायचं. मग कोणी म्हणू शकणार नाही की गाव सामील आहे. खबर गावाने गाव म्हणून दिली की कोणा एकाला खबऱ्या म्हणायचं कारण राहत नाही.

दोन. शेत कोणाचं विचारलं तर जमीन नाकारू नका. खोटं बोलू नका, आणि वकिलाशी बोलल्याशिवाय गांजाबद्दलच्या जबाबावर अंगठाही देऊ नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. पंच म्हणून बोलावलं तर "आधी वाचून दाखवा" म्हणा. वजन करताना शेंडे वेगळे केले की सगळं झाड मोजलं ते बघा, आणि आपल्या वकिलाला सांगा. पकडलेल्या माणसाला २४ तासांच्या आत कोर्टापुढे उभं करायचं असतं, हे लक्षात ठेवा. बैल विकायच्या आधी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे आदिवासीला वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बरोबर संघटनेचा माणूस न्या, म्हणजे टाळाटाळ होणार नाही.

तीन. केस वेगळी आणि दावा वेगळा. वनहक्क कायद्यात कुठेही असं लिहिलेलं नाही की गांजाची केस झाली म्हणून दावा रद्द. तिथे विचारतात, तुम्ही आदिवासी आहात का, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून पोटासाठी जमीन कसता का. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कब्जातून काढता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये आहे. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. म्हणून नवरा आत असला तरी बाईने पाहणीला उभं राहायचं, आणि तिच्यामागे सगळ्या पाड्याने उभं राहायचं. उपविभागाच्या समितीने नाकारलं तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे जायचं. पंचनाम्यात काहीही लिहिलं असलं तरी जुन्या दंडाच्या पावत्या आणि म्हाताऱ्यांचे जबाब आपल्याकडे आहेत, ते जोडा.

चार. केस झालेल्या घराला वाळीत टाकू नका. त्यांची पेरणी आपण करू. पडीक राहिलेला प्लॉट सगळ्यांत आधी जातो. आणि त्या पंचाच्या घरी जाऊन बसा. त्याने अंगठा दिला तो भीतीने दिला, आपल्यापैकी कोणीही दिला असता.

सरकारकडे आमची मागणी पण आहे. पाड्यावर धाड टाकायची तर दिवसा, ग्रामसभेच्या माणसांसमोर टाका. झाड मोजायचं तर कायद्यात लिहिलं आहे तसं मोजा. "व इतर" लिहून सगळा पाडा पळवू नका. बी देणारा आणि माल नेणारा आधी पकडा. आणि पट्टे द्या. ज्याच्या हातात जमिनीचा कागद आहे, कर्ज आहे, विहीर आहे, त्याला रात्रीच्या गाडीची वाट बघावी लागत नाही.

ती म्हातारी बाई निघताना एक बोलली ते आम्ही विसरलो नाही. "आमच्या वेळी फॉरेस्टवाला विचारायचा, शेत कोणाचं? आम्ही छाती पुढे करून सांगायचो, आमचं. मार खायचो, पण सांगायचो."

ते पुन्हा तसंच सांगता आलं पाहिजे. त्यासाठी शेतात मका असला पाहिजे, तूर असली पाहिजे, ज्वारी असली पाहिजे. गांजा नाही. पुढच्या अमावास्येला त्या पाड्यावर बैठक ठेवली आहे. सातही घरांचे दावे पुन्हा भरायचे आहेत. प्रत्येक गावातून निदान दोन माणसं, त्यात एक बाई, यायलाच पाहिजे. दंडाच्या पावत्या घेऊन या. भाकरी बरोबर आणा, पाण्याची सोय तिथे आहे.

जिंदाबाद!